‘कशाचं प्रतीक?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा

आठवी-नववीच्या वर्गात कादंबरीतला उतारा आला की एक प्रश्न ठरलेला असतो : अमुक वस्तू कशाचं प्रतीक आहे? मुलं एका ओळीत उत्तर लिहून घेतात. दिवा म्हणजे ज्ञान. पाऊस म्हणजे आशा. बंद दार म्हणजे एकटेपणा. उत्तर तपासलं जातं, गुण मिळतात. कादंबरी उघडायची गरज मात्र त्या मुलाला कुठेच पडलेली नसते.

आता तर गाईडसुद्धा मागे पडलं आहे. फोनवरच्या चॅटबॉटला कादंबरीचं नाव सांगितलं की तो पाच प्रतीकं अर्थासकट मांडून देतो. त्यातलं एखादं त्या कादंबरीत नसतंच, पण हे कळायला पुस्तक वाचलेलं असावं लागतं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणारे असोत की नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतले, पालक विचारतात ते एकच : “हे प्रतीक-बितीक शिकवायचं तरी कसं? आम्हालाच शाळेत कधी कळलं नव्हतं.” मी शाळकरी मुलांबरोबर कादंबऱ्या वाचते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. गोष्ट वाटते तितकी अवघड नाही. आपण ती उलट्या बाजूनं सुरू करतो, एवढंच.

खूण, उपमा आणि प्रतीक

रेल्वेचा लाल सिग्नल म्हणजे थांबा. मोटरमन त्यावर चिंतन करत बसत नाही, आणि करू नये. ही खूण. तिचा अर्थ एकच असतो, आधी ठरलेला असतो आणि सगळ्यांना सारखाच लागू असतो. शाळेतली ‘दिवा म्हणजे ज्ञान’ छापाची उत्तरं प्रतीकाला खूण समजतात. गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

उपमा वेगळी. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधला तो प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई त्याच्यासाठी पदर पसरते. मग ती त्याला सांगते, की पायाला घाण लागू नये म्हणून जसा जपतोस, तसाच मनालाही जप. इथे तुलना आईनं स्वतःच उघड करून दिली आहे. पाय इकडे, मन तिकडे, मध्ये ‘जसा-तसा’. मुलाला शोधायला काही उरत नाही, आणि त्या प्रसंगात ते योग्यच आहे, कारण ती आई आहे आणि शिकवते आहे.

प्रतीकात हा ‘जसा-तसा’ कुणी म्हणत नाही. गोष्टीतली एखादी वस्तू, जागा, प्राणी किंवा कृती आधी स्वतःचं साधं काम करत असते, आणि ते करता करता स्वतःहून मोठं काहीतरी सुचवू लागते. तिला प्रतीक म्हणायचं. या व्याख्येत भर ‘आधी’ आणि ‘सुचवू’ या दोन शब्दांवर आहे. विहीर आधी विहीर असते. तिच्यात पाणी असतं किंवा नसतं, कुणी ते भरायला येतं, कुणाला येऊ दिलं जात नाही. एवढं नीट पाहिल्याशिवाय ती विहीर कशाचं प्रतीक वगैरे होऊ शकत नाही.

सूर्य मावळला, म्हणजे काय झालं?

शब्दांच्या पलीकडचं सुचवणं ही काही परदेशातून आयात केलेली कल्पना नाही. काश्मीरच्या आनंदवर्धनानं नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ लिहिला तो याच विषयावर. जे सांगितलं जात नाही पण ऐकू येतं, त्याला त्यानं ध्वनी म्हटलं. पुढे अकराव्या शतकात मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त एक मजेदार उदाहरण घेतलं. वाक्य साधं : सूर्य मावळला. गुराख्यानं ऐकलं तर, गुरं गोठ्याकडे वळवा. दुकानदारानं ऐकलं तर, माल आवरा. ब्राह्मणाला, संध्येची वेळ झाली. दिवसभर उन्हात तापलेल्याला, आता जरा बरं वाटेल. सेनापतीला, चाल करून जायची हीच वेळ. प्रियकराची वाट बघणारीला काय ऐकू आलं असेल ते मुलांनाच विचारा, ती बरोबर सांगतात आणि मग खो-खो हसतात.

मम्मट यातून जो धडा काढतो तो थेट वर्गात वापरण्याजोगा आहे. सुचलेला अर्थ नुसत्या शब्दातून येत नाही. कोण बोलतं, कुणाला उद्देशून, कुठल्या स्वरात, कुठल्या प्रसंगी, कुठे आणि केव्हा, या सगळ्यातून तो येतो. कादंबरी वाचणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला याहून नेमकी प्रश्नावली मी अजून पाहिलेली नाही.

हे आपल्या शहरावर लावून पाहा. फ्लेमिंगो घ्या. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हा पक्षी ठाणे खाडीत असतो, कारण खाडीच्या चिखलात त्याचं खाणं असतं. शेवाळ आणि बारीक जीव. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातून येतो. हा झाला पक्षी. आता वाशीपासून सीवूड्सपर्यंत फिरून या. चौकात त्याचा पुतळा दिसेल. पुलाखालच्या भिंतीवर चित्र दिसेल. नवी मुंबई स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते तेव्हा तो अभिमान असतो. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकावर तोच पक्षी म्हणजे खिडकीतून दिसणारा देखावा, आणि त्या देखाव्याचा दर. पाणथळ जागा बुजवू नका म्हणणाऱ्यांच्या हातातल्या फलकावर तो आला की धोक्याची सूचना. २०१५ मध्ये खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. सरकारी कागदावर तो कायदा आहे. खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याला मात्र या सगळ्याच्या आधीपासून तो भरती-ओहोटीबरोबर दिसणारा शेजारी आहे.

मग फ्लेमिंगो कशाचं प्रतीक? मुलांना हा प्रश्न टाकला की ती लगेच उलट विचारतात, “कुणाच्या फलकावरचा?” हे विचारता आलं म्हणजे निम्मं काम झालं.

गाळ साचतो तसा अर्थ साचतो

कादंबरीचं बळ तिच्या लांबीत आहे. कवितेत प्रतीकाला एका ओळीत उभं राहावं लागतं. कादंबरीत त्याला शंभर-दोनशे पानं मिळतात. खाडीकाठची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, पाहिली असतील तर हे समजायला सोपं जातं. दिवसातून दोनदा भरती येते, तिवरांच्या मुळांत पाण्याचा वेग मंदावतो आणि थोडा गाळ मागे राहतो. एका भरतीत काहीच दिसत नाही. वर्षांनी बघावं तर तिथे पाय ठेवण्याजोगी जमीन झालेली असते. कादंबरीतली वस्तूही अशीच. ती पहिल्यांदा येते तेव्हा निव्वळ वस्तू असते. प्रत्येक प्रसंग तिच्याशी काहीतरी सोडून जातो. कुणाचा राग, कुणाची आशा, एखादं अपमानाचं वाक्य. शेवटाकडे ती वस्तू नुसती उल्लेखली तरी वाचकाच्या पोटात काहीतरी हलतं, आणि का हलतं हे त्याला पटकन सांगता येत नाही. शिकवायचं आहे ते हे ‘का’.

म्हणून मुलांना प्रतीक ओळखायला सांगू नये. वस्तूच्या मागे जायला सांगावं.

एका तालमीच्या मागे मागे

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. पुस्तक लहानसं, भाषा सरळ. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो. गाव मेंढरांवर जगणारं. हळूहळू गाव त्याला आपला मानतं. मग गावासाठी एक तालीम, म्हणजे कुस्ती-व्यायामाची जागा, बांधायची कल्पना निघते, गावकरी स्वतः राबून ती उभी करतात आणि तिच्या उद्घाटनाला संस्थानचे राजे येतात. पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं गाव सोडून जातात.

आता वर्गातलं नेहमीचं उत्तर : तालीम हे गावाच्या एकीचं प्रतीक आहे. चूक नाही. पण हे उत्तर पुस्तकाच्या मध्यावर थांबलेलं आहे. मुलांना म्हणावं, तालीम जिथे जिथे येते त्या प्रत्येक पानावर कागदाचा चिटोरा घाला आणि दर वेळी तीनच गोष्टी टिपा. तिथे कोण आहे? तालमीचं काय चाललं आहे? तिच्याबद्दल कुणाला काय वाटतं आहे?

असं केलं की तालीम बदलायला लागते. आधी ती नुसती कल्पना असते, एका मास्तराच्या डोक्यातली. मग ती दगडमातीची होते, आणि तिच्यात गावाचे हात आलेले असतात. राजे येतात त्या दिवशी ती गावाच्या मानाची गोष्ट होते. आडरानातल्या वस्तीकडे राजानं पाहिलं! आणि मग दुष्काळ. पोटात अन्न नसलेल्या माणसाला तालीम काय देणार? माणसं निघून जातात. इमारत काही त्यांच्यामागून चालत जात नाही.

माझ्यासमोर एका सातवीतल्या मुलीनं इथे थांबून विचारलं होतं, “मग त्यांनी विहीर का नाही बांधली?” ती वैतागली होती. तिला हे प्रतीकाबद्दलचं बोलणं वाटत नव्हतं, मास्तरांवरची तक्रार वाटत होती. पण तिच्या तक्रारीत कादंबरीचं अर्धं दुःख आलेलं होतं. चांगल्या मनानं, सगळ्यांच्या कष्टानं उभी राहिलेली गोष्टसुद्धा निसर्गापुढे पुरी पडत नाही. हे मी तिला सांगितलं असतं तर तिनं वहीत लिहून घेतलं असतं, आणि विसरली असती.

इथे मोठ्यांनी एक काम करावं : बाहेरची माहिती पुरवावी, पण अर्थ पुरवू नये. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी ओळखले जात. १९३९ मध्ये त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्यानं आपल्या संस्थानात गावांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली. एवढं सांगून गप्प बसा. त्या संस्थानातलं एक गाव तालीमच का बांधतं, शाळेची खोली किंवा देऊळ का नाही, याचा विचार मुलं आपोआप करू लागतात.

तीच वस्तू, दुसऱ्यांदा

सगळ्याच कादंबऱ्यांत वस्तू पानोपानी येत नाही. कधी ती दोनदाच येते, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, आणि सगळा अर्थ त्या दोन भेटींमधल्या फरकात असतो. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं ‘पाडस’ याचा उत्तम नमुना आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही मूळ कादंबरी १९३८ सालची, फ्लोरिडाच्या जंगलात राहणाऱ्या एका गरीब शेतकरी कुटुंबाची. (ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल, मला राग नाही.)

सुरुवातीला त्यातला मुलगा काम टाकून झऱ्याकाठी जातो आणि काटक्या-पात्यांचं एक खेळण्यातलं चक्र करतो. पाण्यानं ते फिरतं. तो ते बघत बसतो आणि दुपार जाते. बस्स, एवढंच. मग हरणाचं पाडस त्याच्या आयुष्यात येतं, वाढतं, कष्टानं उगवलेलं पीक खाऊ लागतं. शेवटी त्या मुलालाच त्याला गोळी घालावी लागते. एवढं सगळं झाल्यावर तो पुन्हा त्या झऱ्याकडे येतो, पुन्हा तसंच चक्र करतो. आणि त्याचं मन त्यात रमत नाही.

चक्र तेच आहे, पाणी तेच आहे. बदललं काय? बारा वर्षांचं मूल याचं उत्तर शब्दांत देऊ शकेलच असं नाही. पण ‘तुझ्याकडे असं काही आहे का, जे तू मागच्या वर्षीपर्यंत रोज खेळायचास आणि आता हातात घेतलंस तरी मजा येत नाही?’ असं विचारलं की ते गप्प होतं. मला हे गप्प होणं एका ओळीच्या उत्तरापेक्षा जास्त पटतं. लेखिकेनं ‘त्याचं बालपण संपलं’ असं सांगण्याऐवजी त्याला झऱ्याकडे का पाठवलं, हे त्या मुलाला तेव्हा समजलेलं असतं. सांगता येत नसलं तरी.

घरी किंवा वर्गात करायचं काय

पहिलं वाचन मोकळं. पेन्सिल नाही, चिटोरे नाहीत, ‘यातून काय शिकलास’ नाही. पुढे काय होतं या ओढीनं मूल वाचू दे. ज्याला गोष्टच कळलेली नाही त्याला गोष्टीखालचं काय दिसणार?

वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला सांगा आणि विचारा, डोळ्यांसमोर काय राहिलं? माणसं नकोत, प्रसंगाचा सारांश नको. वस्तू, जागा, प्राणी, आवाज, वास. बहुतेक मुलं दोन-तीन गोष्टी लगेच सांगतात. जी गोष्ट पुस्तक मिटल्यावरही राहिली ती मागे जाण्याच्या लायकीची. ही निवड मुलाचीच असावी, जरी तुम्हाला ती फालतू वाटली तरी. एकानं मास्तरांचं बोचकं निवडलं, दुसऱ्यानं रस्ता, तर निवडू द्या.

मग दुसरं वाचन, फक्त त्या वस्तूच्या पानांचं. आणि इथे एक कसोटी लावायची, जी मला सर्वात उपयोगी वाटते : ती वस्तू बदलून बघा. तालमीच्या जागी धर्मशाळा टाका. झऱ्यावरच्या चक्राऐवजी पतंग द्या. गोष्ट तशीच राहिली, तर ती वस्तू म्हणजे नुसतं सामान होतं. तिच्यामागे फार धावू नका. काहीतरी निसटलं, तर जे निसटलं त्याबद्दल बोला. पतंग दिला तर काय बिघडतं? एक मुलगा म्हणतो, “पतंग कटतो, चक्र आपलं फिरतच राहतं, कुणी बघो न बघो.” आता तो कादंबरीबद्दल बोलतो आहे. प्रतीक हा शब्द कुणी उच्चारलेलाही नाही.

‘कशाचं प्रतीक?’ हा प्रश्न यानंतर आला तर हरकत नाही. बहुतेकदा तो विचारायची गरजच पडत नाही.

या सगळ्यात मोठ्यांना जड जातं ते गप्प राहणं. मूल ‘माहीत नाही’ म्हणालं की आपली जीभ शिवशिवते. उत्तर तयारच असतं, कारण आपणही ते कधीतरी कुठल्या तरी वहीत लिहून घेतलेलं असतं.

“पण लेखकाच्या मनात हे होतं कशावरून?”

हा आक्षेप पालक घेतात, आणि हुशार मुलंही. निळा पडदा म्हणजे उदासी, असं शिक्षक म्हणतात. लेखकाला पडदा नुसता निळा म्हणायचा असेल तर?

असेलही. लेखकाच्या मनात काय होतं हे कळायला आपल्याकडे साधन नाही, आणि अनेकदा लेखकालाही ते पूर्ण ठाऊक नसतं. आपल्या हातात पान आहे. पडदा एकदाच आला आणि गेला, तर तो निळा पडदा आहे, विषय संपला. तो तीनदा आला, दर वेळी कुणीतरी घर सोडून जाताना आला, आणि शेवटी कुणीतरी तो फाडला, तर लेखकानं ठरवून केलेलं असो की नसो, पुस्तकात काहीतरी घडलेलं आहे. आपण बोलायचं ते पुस्तकात घडलेल्याबद्दल. मुलांना ‘लेखकाला म्हणायचं आहे की’ अशी सुरुवात करूच देऊ नका. ‘या तीन ठिकाणी असं दिसतं की’ अशी करू द्या. वाक्याची सुरुवात बदलली की विचारही जागेवर येतो.

“मग मूल काहीही म्हणेल!”

म्हणेल. सुरुवातीला नक्की म्हणेल. मग विचारायचं, कुठल्या पानावर? पुस्तकात बोट ठेवता येत नसेल तर ती कल्पना छान असू शकते, वाचन नाही. दोन मुलांचे दोन अर्थ निघाले आणि दोघांनाही बोट ठेवता आलं, तर दोन्ही राहू द्या. एकाच ओहोटीला एकाला चिखल दिसतो आणि दुसऱ्याला खेकडे, पण तिथे हत्ती दिसला असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि म्हणूनच प्रतीकांचा तयार कोश कामाचा नाही. आपल्याच घरातला कावळा पाहा. दारात ओरडला तर पाहुणे येणार. ज्ञानेश्वरांच्या विराणीत तोच पंढरीरायाच्या येण्याचा शकुन सांगतो. दहाव्याला पिंडाला शिवतो तेव्हा गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली म्हणायची. आणि चिऊ-काऊच्या गोष्टीत तो शेणाचं घर पावसात वाहून गेलेला, भिजलेला, दार ठोठावणारा. एकाच घरातल्या आजीला हे चारही कावळे माहीत असतात आणि तिचा कधी गोंधळ होत नाही, कारण ती कुठल्या गोष्टीतला कावळा हे बघते. इंग्रजी पुस्तकांच्या यादीतून उचललेलं ‘कावळा म्हणजे अशुभ’ मराठी कादंबरीला चिकटवलं की फजिती होते ती यामुळे.

“एवढं चिरफाड केली की गोष्टीची मजा जाते”

जाते, जर पहिल्याच वाचनात केली तर. जर प्रत्येक पानावर केली तर. जर एकही पुस्तक त्यातून सुटू दिलं नाही तर. वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांतली एक-दोन अशा रीतीनं परत वाचली तरी खूप झालं. बाकीची मुलाला हवी तशी, लोळत, जेवता जेवता वाचू द्या. रहस्यकथेत प्रतीकं शोधायला लावणाऱ्या पालकांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

“इंग्रजी शाळेतल्या मुलाला हे झेपणार कसं?”

ठाणे-नवी मुंबईत हा खरा प्रश्न आहे. घरी मराठी बोलणारी कितीतरी मुलं मराठी कादंबरी उघडतात आणि पहिल्याच पानावर अडतात. विचार करण्यात ती कमी नसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर वस्तूच नसते. तालीम म्हणजे त्यांना नाटकाची तालीम वाटते, गडकरी रंगायतनला असते ती. चावडी, घोंगडं, वाघूर हे शब्द ऐकलेलेच नसतात. ज्याला वस्तू दिसत नाही त्याला प्रतीक शिकवणं म्हणजे वेळ घालवणं.

उपाय साधा आहे. वस्तू दाखवा. लाल मातीचा आखाडा कसा असतो, घोंगडं अंगाला कसं टोचतं, मेंढरांच्या कळपाचा वास कसा येतो हे आजी-आजोबांकडून ऐकवा. त्यांना विचारल्याचा आनंदही होतो. पहिली दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखवा. आणि चर्चा मराठीतच व्हायला हवी असा आग्रह सुरुवातीला धरू नका. “बाबा, इट्स नॉट अबाउट द बिल्डिंग, ना?” असं मूल म्हणालं तर त्याला पकडून मराठीत बोलायला लावण्यात ते वाक्य हरवेल. आधी वाक्य घ्या.

आगरी-कोळी घरांतली मुलं या बाबतीत कधी कधी पुढे असतात. जाळं, होडी, भरती, वजनकाटा या वस्तू त्यांनी हाताळलेल्या असतात, त्यामुळे कादंबरीत जाळं फाटलं की ते कुणाला आणि किती महागात पडणार हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

“आणि मार्कांचं काय?”

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ हा प्रकार आहे, म्हणजे स्वतःचं मत मागितलेलं असतं. तरीही मुलं पाठ केलेलं मत लिहून येतात. भीती वाटते, वेगळं लिहिलं तर गुण कापतील. भीती अगदीच निराधार नाही, पण वेगळं लिहिण्यापेक्षा पुराव्याशिवाय लिहिण्यानं जास्त गुण जातात. दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा.

पहिलं : ‘तालीम हे एकतेचे, सामर्थ्याचे व प्रगतीचे प्रतीक आहे. त्यातून लेखकाने मोलाचा संदेश दिला आहे.’ हे कुठल्याही गावाच्या कुठल्याही इमारतीबद्दल लिहिता येईल. पुलाबद्दलसुद्धा.

दुसरं : ‘गावकरी स्वतः राबून तालीम बांधतात, तेव्हा ती गावाच्या एकीची वाटते. राजे उद्घाटनाला येतात तेव्हा ती गावाच्या मानाची होते. पण दुष्काळात तिचा कुणालाच उपयोग होत नाही आणि गाव रिकामं होतं. म्हणून मला ती गावाची ताकद आणि त्या ताकदीची मर्यादा, दोन्ही दाखवणारी वाटते.’

दुसऱ्यात एकही अवघड शब्द नाही, ‘प्रतीक’ हाही नाही. तीन जागा आहेत, एक ‘पण’ आहे आणि शेवटी ‘मला’ आहे. त्यातला ‘पण’ सर्वात महत्त्वाचा. तो पाठ करून येत नाही.

सुरुवात कुठून?

लहान पुस्तकापासून. एका बैठकीत नाही तरी एका आठवड्यात दोनदा वाचून होईल असं. शक्यतो असं, ज्याच्या अर्थाबद्दल घरात कुणाचंच ठाम मत नाही. आई-बाबांनाही ते नवं असेल तर फारच छान, म्हणजे उत्तर आधीच माहीत असल्याचा आव आणता येत नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना यातलं दुसरं वाचन नकोच. त्यांना ‘काय डोळ्यांसमोर राहिलं’ एवढं विचारणं पुरे. चिटोऱ्यांचा उद्योग सहावी-सातवीपासून.

पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे आणि जुन्या कादंबऱ्या तिथे बसून चाळता येतात. फक्त वाचनालयाची प्रत असेल तर पेन्सिल चालणार नाही, चिटोरेच वापरा. आणि आधीच्या कुणा वाचकानं समासात मोठ्या अक्षरांत ‘प्रतीक!’ असं लिहून ठेवलेलं सापडलं, तर ग्रंथपालांना विचारून ते खोडून टाका आणि मगच पुस्तक मुलाच्या हातात द्या.